धाग्यावरची अट, कापडावरचा भार
तारापूर एमआयडीसीत सूटिंग आणि पडद्यांचं कापड विणलं जातं. पॉलिस्टर धागा हा तिथला मोठा कच्चा माल. २०२३मध्ये केंद्राने या धाग्याला, देशी असो वा परदेशी, भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) प्रमाणपत्र सक्तीचं केलं. नाव गुणवत्तेचं, काम मात्र आयातीला लगाम घालण्याचं: परदेशी पुरवठादार घटले की देशी धागा चढ्या भावाने खपतो आणि भुर्दंड विणणाऱ्यावर पडतो. मग स्वस्त चिनी मालापासून संरक्षण नको का? हवं, पण ते साखळीच्या कोणत्या टप्प्यावर, हा खरा प्रश्न. उदाहरणार्थ, २०२४मध्ये काही कृत्रिम होजियरी कापडांना किलोमागे साडेतीन डॉलर किमान आयात किंमत लागू झाली. त्याने कापडवाला सावरतो, कपडे शिवणारा अडतो. धाग्यावरची सक्ती नोव्हेंबर २०२५मध्ये मागे घेतली गेली. तारापूरच्या विणकामासाठी हा निर्णय योग्यच, फक्त उशिरा झाला.