‘जनजीवन विस्कळीत’ म्हणजे नेमकं कोणाचं?



आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. यवतमाळात बसून बर्फावर बोलायचं! आपल्याकडे आभाळातून पडणारा बर्फ म्हणजे गारा, आणि त्याही हरभरा-गहू झोपवून थोड्या वेळात विरघळून जातात. पण शिकागोत बर्फ पडो की यवतमाळात झड लागो, दुसऱ्या दिवशी मथळा एकच असतो: ‘जनजीवन विस्कळीत’. या दोन शब्दांत काय काय दडलेलं असतं, ते आज उलगडून पाहू.

आधी बर्फाने शहर थांबतं कसं, ते समजून घेऊ. साधारण हिशेब असा, की ताजा पडलेला दहा सेंटिमीटर बर्फ वितळला तर एक सेंटिमीटर पाणी होतं. म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. जुलैत आपल्याकडे एवढा पाऊस पडला तर त्याची बातमीही होत नाही. मग तेवढ्याच पाण्याने तिकडच्या शाळा, कचेऱ्या बंद का पडतात? कारण पाणी वाहून जातं, बर्फ पडला तिथेच बसतो. त्याला कोणीतरी ढकलावं लागतं. त्यासाठी पुढे रुंद पातं लावलेल्या गाड्या फिरवतात आणि रस्त्यावर मीठ टाकतात. मिठामुळे पाणी शून्य अंशाखालीही गोठत नाही. पण पारा उणे दहाच्या आसपास गेला, की साध्या मिठाचा जोर ओसरतो. आणि रस्त्यावरून ढकललेला बर्फ जातो कुठे? कडेला. फुटपाथवर, बसथांब्यापुढे. म्हणजे मोटारीची वाट मोकळी होते ती पुष्कळदा पायी चालणाऱ्याची वाट अडवून.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बर्फ सगळ्या शहरावर पडतो, पण उचलला मात्र क्रमाने जातो. गाड्या मोजक्या, रस्ते हजारो. आधी कोणता, नंतर कोणता, हे माणूस ठरवतो. बर्फ पडणं ही निसर्गाची गोष्ट. तो कोणाच्या दारात आठवडाभर पडून राहतो, ही निर्णयाची गोष्ट.

शिकागोचंच उदाहरण घ्या. १९७९ च्या जानेवारीत तिथे दोन दिवसांत सुमारे पन्नास सेंटिमीटर बर्फ पडला, आणि तोही आधीच्या बर्फावर. रस्ते बंद, म्हणून सगळी गर्दी शहरातल्या रेल्वेवर आली. बाहेरच्या उपनगरांतून गाड्या भरून येऊ लागल्या. वेळ वाचावा म्हणून मधली काही स्टेशनं वगळून गाड्या पुढे नेल्या गेल्या. ती स्टेशनं बरीचशी कृष्णवर्णीय वस्त्यांमधली होती. फलाटावर थंडीत उभ्या असलेल्या माणसासमोरून गाडी न थांबता निघून जाते, तेव्हा त्याला काय कळतं? त्याला आपली किंमत कळते. पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणुकीत महापौर मायकेल बिलँडिक हरले आणि जेन बर्न त्या शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. बर्फ वितळला, पण लोक विसरले नाहीत.

दुसरं उदाहरण स्वीडनमधल्या कार्लस्कूगा या लहानशा शहराचं. तिथल्या पालिकेने २०११ च्या सुमारास आपल्या प्रत्येक कामाकडे स्त्री-पुरुष समतेच्या नजरेने पाहायचं ठरवलं. बर्फ काढण्यात कसली आलीय समता, असं कोणालाही वाटेल. पण पाहिल्यावर दिसलं, की आधी मोठे रस्ते मोकळे होतात आणि पायवाटा शेवटी. मोटारीने जाणाऱ्यांत पुरुष जास्त; पायी किंवा बसने, लेकराला घेऊन जाणाऱ्यांत बाया जास्त. त्यांनी क्रम उलटा केला: आधी पायवाटा, बालवाड्यांच्या वाटा, मग मोठे रस्ते. स्टॉकहोमनेही पुढे हा विचार घेतला. २०१६ च्या नोव्हेंबरात तिथे विक्रमी बर्फ पडून वाहतूक कोलमडली, तेव्हा या क्रमावर टीकाही बरीच झाली. टीका होऊ द्या. निदान ‘आधी कोणाचा रस्ता?’ हा प्रश्न तिथे उघडपणे विचारला गेला.

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच आहे. आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेत पुढच्या काळात ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला गेला. नसणं हीसुद्धा जाणून घेण्याची गोष्ट आहे. ‘जमिनीवर घडा नाही’ हे त्यांचं नेहमीचं उदाहरण. ते म्हणतात, नुसतं ‘नाही’ असं म्हणता येत नाही. काय नाही, ते सांगा. त्याला म्हणतात प्रतियोगी, इथे घडा. आणि कुठे नाही, तेही सांगा. ते अधिकरण; इथे जमीन. ही दोन्ही सांगितल्याशिवाय अभावाचं वाक्य पुरं होत नाही. हे अभावाचं ज्ञान होतं कसं, यावर पुष्कळ वाद झाले. कुमारिल भट्टांनी त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाणच मानलं.

या कसोटीवर आपला मथळा लावून पहा. ‘जनजीवन विस्कळीत’. काय नाही? कोणापाशी नाही? दोन्ही जागा रिकाम्या. त्या भरल्या की एका मथळ्याची दहा वाक्यं होतात. पगारदाराला ऑफिस नाही, पण पगार आहे. मजुराला काम नाही, म्हणून त्या दिवसाची रोजी नाही. ऑटोवाल्याला सवारी नाही, पण गाडीचा हप्ता आहे. मोठ्या शहरात कोणी घरून संगणकावर काम करतो. भाजीचा ठेला काही घरून चालत नाही. एकाच दिवशी एकाच्या घरी भजी तळली जातात आणि दुसऱ्याच्या घरी चूल पेटेल की नाही ते पाहावं लागतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. सोळा तालुके, एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला पैनगंगा, मधे अरुणावती, अडाण, बेंबळा, पूस आणि असंख्य नाले. शकुंतला रेल्वे बंद पडली. रोजचं जाणं-येणं एसटीवर, काळीपिवळीवर, दुचाकीवर. २२ जुलै २०२३ ला यवतमाळ शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराचा वेढा पडला, तेव्हा तिथल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. त्याआधी २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावरून पाणी वाहत असताना नागपूर-नांदेड एसटी बस वाहून गेली. माणसं दगावली.

तुम्ही म्हणाल, बर्फ माणूस काढतो, पूर आपोआप ओसरतो. मग इथे क्रम कोण लावतो? इथेही माणूसच लावतो, पण पाऊस पडायच्या कितीतरी वर्षं आधी. कोणत्या गावाच्या नाल्यावर उंच पूल बांधायचा आणि कोणत्या गावाला रपट्यावर भागवायचं, हे ठरलं तेव्हाच पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात कोण अडकणार, हेही ठरलं. शिकागोतला निर्णय बर्फ पडल्यावर झाला, म्हणून लोकांना दिसला. आपला निर्णय सिमेंटमध्ये गाडलेला आहे. म्हणून आपण त्याला निसर्ग म्हणतो.

हे मला कळायला फार वर्षं लागली. मी एका कॉलेजात शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. नाल्यापलीकडच्या गावचा एक मुलगा पावसाळ्यात वर्गात नसायचा. मी हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहायचो. एकदा तो म्हणाला, “सर, नाला उतरला नव्हता.” मी म्हणालो, “पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. खोली करून राहा.” खोलीचं भाडं कुठून आणणार, हे मी विचारलं नाही. नंतर एके दिवशी तो आला. छातीपर्यंत भिजलेला. मागच्या बाकावर बसला, मी हजेरी घेतली, तो ‘येस सर’ म्हणाला. मी खूश झालो, पोराला शिस्त लागली म्हणून! त्या तासाला मी अभावच शिकवत होतो, बरं का. बाकावरचा मुलाचा अभाव मला दिसला होता. नाल्यावरचा पुलाचा अभाव दिसला नव्हता. आणि माझ्या हजेरीपटाने त्या पोराला वाहत्या पाण्यात उतरवलं, हे तर घरी गेल्यावरही कळलं नाही. तो वाहून गेला नाही, हे माझं नशीब.

म्हणून दरवर्षी ‘जीव धोक्यात घालून पूल ओलांडू नका’ अशी सूचना निघते, तेव्हा मला वाटतं, सूचना बरोबर आहे, पण अर्धी आहे. पाण्यात उतरणारा प्रत्येक जण अविचारी नसतो. पुष्कळदा त्याला थांबणं परवडत नाही. थांबणाऱ्याची रोजी बुडणार नाही, हजेरी कापली जाणार नाही, बाळंतीण अडणार नाही, एवढं केलं तर सूचना पुरी होईल.

पुढच्या वेळी तो मथळा वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. काय बंद आहे? कोणासाठी बंद आहे? आणि ते आधी कोणासाठी उघडायचं, हे कोणी आणि कधी ठरवलं? तिसरा प्रश्न ग्रामसभेत विचारा, नगरपालिकेत विचारा. आणि तुमच्या हातात हजेरीपट असेल, तर स्वतःलाही विचारा.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.