चलन

महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात भर दुपारीही ट्यूबलाइट लागते. नकाशे आता ऑनलाइन दाखल होतात, तरी टेबलावर गुंडाळ्यांचा ढीग आहेच. साहेबांना कागदावर पाहिल्याशिवाय पटत नाही.

कनिष्ठ अभियंता कॅल्क्युलेटर पुढे ओढतो. समोर आर्किटेक्टच्या ऑफिसातला पोरगा उभा आहे. भूखंड १,००० चौरस मीटर, रेडी रेकनरचा दर ४०,०००. जमिनीवर अर्धा टक्का, म्हणजे दोन लाख. बांधकाम २,२०० चौरस मीटर, त्यावर दोन टक्क्यांनी १७ लाख ६० हजार. दुकानं असती तर दर दुप्पट. शहरात मेट्रो आहे, म्हणून वर तेवढाच अधिभार.

"एकोणचाळीस लाख वीस हजार. हे नुसतं विकास शुल्क हं!"

प्रीमियम एफएसआय आणि कामगार उपकर खालच्या ओळींत. पोरगा मान डोलावतो. त्याच्या खिशातून थोडंच जाणार आहे! बिल्डरच्याही नाही म्हणा, फ्लॅटच्या दरात सगळं वसूल होतं.

मागे ताटकळलेले काका पुढे सरकतात. त्याच रस्त्यावर राहतात.

"साहेब, चार टॉवर झाले, हा पाचवा. ड्रेनेजची लाइन मात्र तीच, नऊ इंची. चेंबर रोज तुंबतं. ह्यांचे पैसे जातात कुठे?"

"काका, आम्ही फक्त घेतो. खर्चाचं लेखा विभागात विचारा."

तो टोलवत नाहीये, खरंच सांगतोय. नगररचना अधिनियमात १९९२ साली आलेलं प्रकरण म्हणतं, विकास निधी वेगळा ठेवा, सार्वजनिक सोयींवर खर्च करा. ज्या गल्लीतून पैसा आला तिथेच तो लागावा, अशी अट मात्र नाही. मोठी गोम इथेच आहे.

मी काकांबरोबर वरच्या मजल्यावर जातो. लेखनिक अंदाजपत्रकाचं जाडजूड पुस्तक उघडून देतो. जमेच्या बाजूला 'विकास शुल्क' ठसठशीत. खर्चाच्या बाजूला रस्ते, पूल, मलनिःसारण. कुठला रुपया कुठे जिरला, काही लागत नाही. काका ओळींवरून बोट फिरवत राहतात.

"माहिती अधिकारात अर्ज टाका," लेखनिक सुचवतो. "दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा."

"चारही टॉवरचं मागवतो. पहिल्यापासूनचं."

लेखनिक आवाज खाली आणतो. "एकाच वर्षाचं मागा, काका. नाहीतर 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' म्हणून परत येईल."