मंगळावरील भेगांची भाषा

उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याची भेगाळलेली माती आपण सर्वांनीच पाहिलेली असते. ओलावा उडून गेला की माती आकसते व तडकते. मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडील मैदानांवरही अशाच भेगांचे जाळे पसरलेले आहे. मात्र तेथील जमीन पाणी आटल्याने नव्हे, तर पोटात गोठलेले पाणी असल्यामुळे तडकली आहे.

अशी जमीन पृथ्वीवरही सायबेरियात, अलास्कात आणि अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत आढळते. कडाक्याच्या थंडीत बर्फमिश्रित माती आकुंचन पावून तडकते. भेगेत वरची वाळू घसरते. त्यामुळे उन्हाळ्यात जमीन प्रसरण पावली, तरी भेग पुरती मिटत नाही. पुढच्या हिवाळ्यात ती तेथेच पुन्हा उघडते. हजारो वर्षे हा क्रम चालला, की भूपृष्ठावर बहुकोनी फरशांची नक्षी उमटते.

मंगळावरील नक्षीखालीही बर्फ असेल, असा शास्त्रज्ञांचा कयास होता. ‘मार्स ओडिसी’ यानाने २००२ मध्ये तेथील मातीत विपुल हायड्रोजन टिपल्याने त्याला बळ मिळाले. तरीही खात्री खणूनच करावयाची होती. त्यासाठी नासाचे ‘फिनिक्स’ यान २५ मे २००८ रोजी सुमारे ६८ अंश उत्तर अक्षांशावर उतरले.

हे यान जागचे हलणारे नव्हते. सुमारे अडीच मीटर लांबीचा यांत्रिक हात पोहोचेल तेवढीच जमीन त्याच्या वाट्याला होती आणि हिवाळ्यापूर्वी काम उरकायचे होते. काही सेंटिमीटर खणताच चरात पांढुरके काही दिसले. ते मीठ की बर्फ? फाशांएवढे काही तुकडे चार दिवसांत दिसेनासे झाले. मीठ असे उडून जात नाही. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याने उघडा पडलेला बर्फ मात्र न वितळताच वाफ होतो. पुढे मातीचा नमुना तापवून पाण्याची वाफ मिळाली व ३१ जुलै २००८ रोजी नासाने पाणी सापडल्याचे जाहीर केले.

२ नोव्हेंबर २००८ नंतर ‘फिनिक्स’चा संदेश आला नाही. थंडीने त्याला गाठले होते. परंतु तोवर वरच्या भेगांवरून पोटातील बर्फ ओळखण्याचा कयास खरा ठरला होता. उद्या मंगळावर माणसाने वस्ती करावयाची ठरवली, तर पाणी कोठे शोधावे, याचा निर्देश या भेगाच करतील.