अकरावीच्या फॉर्मवर संगीत

दहावीचा निकाल लागला की घरोघरी शाखेची चर्चा सुरू होते. मूल लहानपणापासून गाण्याच्या क्लासला जात असेल, तर त्या चर्चेत आणखी एका प्रश्नाची भर पडते: अकरावी-बारावीला संगीत घ्यायचं का? ‘घेऊन पुढे काय?’ असं पालक लगेच विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्याचा क्रम दुसरा. त्याआधी मुलालाच विचारायला हवं: गायला आवडतं, हे दिसतंच आहे; गाण्याविषयी वाचायला, लिहायला, डोकं खाजवायलाही आवडतं का?

हा विषय नुसता गळ्यावर निभत नाही. सीबीएसईच्या हिंदुस्थानी संगीतात 100 पैकी 70 गुण प्रात्यक्षिकाचे आणि 30 लेखी परीक्षेचे असतात. लेखी भागात ‘संगीत रत्नाकर’सारख्या जुन्या ग्रंथांची ओळख, कलावंतांची चरित्रं, रागांची शास्त्रीय माहिती आणि बंदिशी-तालांचं लिपीत लेखन येतं. महाराष्ट्राच्या राज्य मंडळात तर भारतीय संगीताचा इतिहास आणि विकास हा वेगळा विषयच आहे.

या अभ्यासाची गोडी कुठे असते? भीमपलास आणि बागेश्री हे दोन्ही सीबीएसईच्या अभ्यासक्रमातले राग. दोन्ही काफी थाटाचे, दोन्हींत गंधार-निषाद कोमल. वादी मध्यम आणि संवादी षड्ज, हेसुद्धा दोन्हीकडे सारखंच. तरीही पहिल्या काही सुरांतच जाणकार ओळखतो की हा दुपारचा भीमपलास आणि हा रात्रीचा बागेश्री. भीमपलासच्या आरोहात ऋषभ-धैवत गाळलेले असतात आणि पंचमाला मोकळी जागा असते. बागेश्रीत मध्यम-धैवताची संगत सगळा रंग भरते, पंचम उतरताना जपून, थोडाच येतो. म्हणजे सुरांची यादी एकच, राग मात्र चलनातून, ठेहरावातून उभा राहतो. हे समजल्यावर ज्या मुलाला पुन्हा ऐकून पाहावंसं वाटतं, त्याने हा विषय जरूर घ्यावा. ‘मला फक्त गाणं बसवून द्या’ म्हणणाऱ्या मुलाला ही दोन वर्षं जड जातील, आवाज कितीही गोड असो.

संगीत वर्गात, अभ्यासक्रम आखून शिकवता येतं हा विचार रुजवण्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पेशाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी दहा थाटांची मांडणी केली, बंदिशी स्वरलिपीत छापल्या आणि त्यांच्या प्रयत्नांतून 1926 मध्ये लखनौचं संगीत महाविद्यालय उभं राहिलं. या दोघांमुळे गाणं गुरूच्या घराबाहेर आलं आणि सर्वसामान्य घरांतल्या मुलामुलींना ते शिकता येऊ लागलं. आठवड्यातल्या मोजक्या तासिकांत गळा मात्र तयार होत नाही. बारावीला संगीत घेतलं म्हणून गुरूकडची तालीम सोडणं ही सर्वांत मोठी चूक ठरेल.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहायला हवी. आवाज फुटण्याचा काळ काहींच्या बाबतीत अकरावीपर्यंत लांबतो. काळी चारमध्ये सहज गाणारा मुलगा काळी एकवर येतो, तानेत अडखळतो, धीर सोडतो. अशा वेळी गळ्यावर जोर न देता खालच्या पट्टीत शांतपणे गात राहावं. मुळात हात चांगला असेल तर तबला किंवा हार्मोनियम, सतारीसारखं वाद्य घेण्याचा विचारही करावा.

आता ‘पुढे काय’. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात, एसएनडीटीत, मुंबई विद्यापीठात संगीताचं उच्च शिक्षण घेता येतं. पण वाटा याहून वेगळ्याही निघतात. प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायदा या दोन्हींच्या पदव्या घेतल्या, नंतर संगीतात डॉक्टरेट मिळवली. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, त्याच वेळी घरात आईकडे गाण्याची तालीम सुरू होती. उल्हास कशाळकरांनी मात्र नागपूर विद्यापीठातून संगीतातच एम.ए. केलं. यांतल्या कोणाचंही गाणं एका शालेय विषयाने घडलं नाही किंवा अडलंही नाही. त्यामुळे विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या मुलाने संगीत सोडलं म्हणून हळहळण्याचं कारण नाही, आणि कला शाखेत संगीत घेणाऱ्याने आयुष्य पणाला लावलं असंही समजू नये.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजात एक फेरी मात्र मारावीच. हा विषय सगळीकडे नसतो. जिथे असतो तिथेही पूर्णवेळ शिक्षक आहेत का, गाणाऱ्यांना तबल्याची साथ मिळते का, वाद्यं सुरात आहेत का, हे विचारावं. जमलं तर एका तासाला मागे बसून ऐकावं. त्या तासात मुलं गाताना दिसतात की फक्त व्याख्या उतरवून घेताना, यावरून कॉलेज निवडायला पुष्कळ मदत होईल.