मधुमेहाची शिकवणी आणि अमेरिकेतील आरोग्य विमा
मधुमेहात डॉक्टरांची भेट काही मिनिटांची. बाकीचे दिवस रुग्णालाच निभवावे लागतात. रक्तातली साखर तपासणे, इन्सुलिन टोचणे, साखर एकदम उतरली तर ते ओळखणे, पायांची निगा राखणे, हे सारे शिकावे लागते. या शिकवणीचा खर्च विम्याने उचलावा, असे अमेरिकेतील बहुतेक राज्यांचे कायदे सांगतात. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यात १९९७ च्या कायद्याने ही सोय विस्तारली. सुरुवातीच्या १२ महिन्यांत १० तासांपर्यंत प्रशिक्षण मिळते, त्यातले बहुतेक गटात; पुढे दरवर्षी २ तास. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची लेखी शिफारस आणि मान्यताप्राप्त केंद्र लागते. शिवाय २० टक्के खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. ज्याला शिकायला बोलवायचे त्याच्याकडूनच पैसे मागायचे, हे जरा उलटेच.

राज्यांच्या सक्तीला मोठे भगदाड आहे. अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च विमा न उतरवता स्वतःच सोसतात. अशा योजनांवर १९७४ चा केंद्रीय कायदा चालतो, राज्याचा नव्हे. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन रुग्णांपैकी एकाला हा हक्क असतो, दुसऱ्याला मालक देईल तेवढेच मिळते.