लसीकेच्या वाटा आणि गर्भाशयाचा कर्करोग

जबलपूरचा प्रदेश दोन नद्यांच्या जलविभाजकावर वसलेला आहे. शहराच्या आसपास पडलेले पावसाचे पाणी गौर नदीतून व लहानमोठ्या ओढ्यांतून नर्मदेस मिळते आणि पश्चिम समुद्राकडे जाते. उत्तरेस कटनीच्या बाजूला पडलेले पाणी मात्र शोण नदीच्या वाटेने गंगेकडे वळते. पाणी कोठे पडले, यावर ते कोठे पोहोचणार हे ठरते. मानवी शरीरातही असाच एक प्रवाह आहे. ऊतकांतून झिरपणारा लसीका नावाचा द्रव सूक्ष्म वाहिन्यांतून वाहतो, वाटेतील लसीका ग्रंथींत गाळला जातो आणि अखेर रक्तात परत येतो.

गर्भाशयाच्या आतील अस्तरास अंतःस्तर म्हणतात. त्याचा कर्करोग बहुधा रजोनिवृत्तीनंतर उद्भवतो. स्थूलता व मधुमेह असलेल्या स्त्रियांत त्याचा संभव अधिक असतो. अर्बुदाच्या काही पेशी लसीकेबरोबर वाहत जाऊन ग्रंथींत अडकतात व तेथेच वाढू लागतात. गर्भाशयाच्या खालच्या भागातील लसीका मुख्यतः श्रोणीतील ग्रंथींकडे जाते. वरच्या भागातील काही लसीका बीजकोशाच्या रक्तवाहिन्यांच्या कडेने थेट महारोहिणीजवळच्या ग्रंथींकडे चढते. म्हणून शल्यचिकित्सकास या दोन्ही वाटा ध्यानात ठेवाव्या लागतात.

हा प्रसार कोणाच्या बाबतीत अधिक संभवतो? अमेरिकेतील संशोधकांच्या एका संघाने १९८७ साली ६२१ स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या सर्वांचा रोग वरवर पाहता गर्भाशयापुरताच मर्यादित होता; तरीही शेकडा ९ जणींच्या श्रोणीतील ग्रंथींत तो पोहोचलेला आढळला. रोग केवळ अंतःस्तरात असता हे प्रमाण शेकडा १ होते. स्नायुस्तराच्या बाहेरील तिसऱ्या भागापर्यंत तो शिरला असता ते शेकडा २५ झाले. पेशींचे स्वरूप मूळ पेशींशी मिळतेजुळते असता प्रमाण शेकडा ३, तर अगदी विकृत असता शेकडा १८ होते. अर्बुदाच्या पेशी सूक्ष्म वाहिन्यांत शिरलेल्या दिसल्या, तर ते शेकडा २७ होते, एरव्ही ७. अर्बुदाचा आकार मोठा असणे व रोग गर्भाशयग्रीवेपर्यंत उतरणे, हीही धोक्याचीच लक्षणे होत.

मग सर्वांच्याच ग्रंथी काढून टाकाव्यात काय? १९८८ पासून रोगाची अवस्था शस्त्रक्रियेत मिळालेल्या पुराव्यावरून ठरविण्याची पद्धत रूढ झाली आणि ग्रंथी काढण्याचा प्रघात वाढला. परंतु २००८ साली इटलीतील ५१४ व २००९ साली चार देशांतील १४०८ स्त्रियांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरंभीच्या अवस्थेत सरसकट ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढते, असे त्यांत दिसले नाही. उलट, ग्रंथी काढल्यामुळे लसीकेचा मार्ग खुंटून काही स्त्रियांचे पाय कायमचे सुजतात. शेतात राबणाऱ्या किंवा दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या स्त्रीस ही पीडा लहान नव्हे.

यावर मधला मार्ग निघाला आहे. गर्भाशयग्रीवेत रंगद्रव्य टोचले असता ते लसीकेच्या वाटेने जाऊन ज्या ग्रंथीस प्रथम पोहोचते, तिला प्रहरी ग्रंथी म्हणतात. अशा मोजक्याच ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्यात प्रहरी ग्रंथी सापडली व ग्रंथींत रोगही होता, अशा शंभरांपैकी ९७ स्त्रियांचा प्रसार या पद्धतीने ओळखता आला.

जबलपूर येथे १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थी हे ऊतकपरीक्षेचे शास्त्र शिकतात. परंतु रोग स्नायुस्तरात किती खोल उतरला आहे, हे बहुतांशी रुग्ण स्त्री केव्हा येते यावर अवलंबून असते. रजोनिवृत्तीनंतर एकदा जरी रक्तस्राव झाला, तरी तो वयाचा दोष समजून अथवा संकोचाने लपवू नये. असा प्रत्येक रक्तस्राव कर्करोगाचा नसतो, तथापि प्रत्येकाची तपासणी अवश्य झाली पाहिजे. रोग अंतःस्तरातच असताना गाठला, तर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात.