हक्क कोणता, मेहेरबानी कोणती: मुलांसह काशीचा विमानप्रवास

डिसेंबर-जानेवारीत मुंबई-पुण्याहून काशीला जाणाऱ्या विमानांत लहान मुलं बरीच असतात. आजी-आजोबांना विश्वनाथाचं दर्शन घ्यायचं असतं, नातवंडांना नाताळची सुट्टी असते. याच दिवसांत काशीजवळच्या बाबतपूरच्या लालबहादूर शास्त्री विमानतळावर धुकं दाटतं, वेळापत्रक कोलमडतं आणि काउंटरवर आईवडील विनवण्या करू लागतात. वाईट याचं वाटतं, की ज्यासाठी ते हात जोडतात तो पुष्कळदा त्यांचा हक्कच असतो.

गैरसमज: सीटचे जादा पैसे भरले नाहीत, तर मूल आईवडिलांपासून दूर बसणार.

वस्तुस्थिती: बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई, वडील किंवा सोबतच्या पालकापैकी निदान एकाच्या जवळची सीट द्या, असा आदेश विमान वाहतूक नियामक डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना दिला आहे. अट एकच, दोघं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर हवीत. काशीयात्रेत घोळ होतो तो इथेच. दोन-तीन कुटुंबं मिळून निघतात, तिकिटं मिळतील तशी वेगवेगळ्या फोनवरून काढली जातात आणि मुलगी आत्याच्या पीएनआरवर जाते. मग आईशेजारची सीट हक्काने मागता येत नाही. म्हणून तिकीट काढतानाच मूल आईच्या किंवा वडिलांच्या बुकिंगमध्ये घाला. तसं झालं नसेल, तर चेक-इन सुरू होण्याआधी कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर सांगा. तेव्हा सीटा शिल्लक असतात, विमानतळावर क्वचितच उरतात. हवी तीच खिडकी मात्र या आदेशात बसत नाही, तिचे पैसे पडू शकतात.

गैरसमज: मांडीवरच्या बाळाला तिकीट लागत नाही.

वस्तुस्थिती: दोन वर्षांखालच्या बाळाचंही नाव बुकिंगमध्ये लागतं आणि त्याचं शुल्क असतं. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. जाताना मांडीवर बसलेलं बाळ काशीतच दोन वर्षांचं झालं, तर परतीला त्याला स्वतंत्र सीट घ्यावी लागते. जन्मदाखला जवळ ठेवा.

गैरसमज: लेकरू सोबत आहे, जागा रिकामी आहे, म्हणजे बिझनेसमध्ये बसवतील.

वस्तुस्थिती: ही मात्र निव्वळ मेहेरबानी, आणि या मार्गावरच्या अनेक विमानांत बिझनेस वर्गच नसतो. पैसे भरून अपग्रेड घेताना ते बुकिंगमधल्या सगळ्यांचं होतंय की एकाचंच, हे आधी विचारा. आई पुढे आणि मूल मागे, अशी वेळ येऊ नये. उलट बाजूला हक्क भक्कम आहे. वरच्या वर्गाचं तिकीट असताना कंपनीने खालच्या वर्गात बसवलं, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

गैरसमज: विमानात जागा उरली नाही म्हटल्यावर करणार काय?

वस्तुस्थिती: जादा बुकिंगमुळे नाकारलं आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई लागू होते. चोवीस तासांत सोय केली तर मूळ भाडं व इंधन अधिभार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. पण तुम्ही वेळेत पोचलेले हवेत. देशांतर्गत काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात आणि काशीतल्या गोदौलिया चौकापासून बाबतपूर पंचवीसेक किलोमीटर आहे, तेही गर्दीतून.

धुक्यामुळे उड्डाण रद्द झालं, तर ही रोख भरपाई मागता येत नाही. दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे मात्र मागता येतात. आणि तुम्ही स्वतः ‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट रद्द केलंत, तरी सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत करावंच लागतं.

काउंटरवर दाद लागली नाही, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिथेही काही झालं नाही, तर केंद्राच्या एअरसेवा पोर्टलवर. पीएनआर, मुलाचं वय आणि बोर्डिंग पासचा फोटो जोडायला विसरू नका.